पीयूसी पास आहे, धूर दिसत नाही, मग डीपीएफ काढला तर बिघडलं कुठं?

विश्रामबागकर
मंडळी नमस्कार, जरा सल्ला पाहिजे. गाडी डिझेल, बीएस ६, २०२१ची. रनिंग म्हणाल तर सांगलीतच, विश्रामबाग ते मार्केट यार्ड, दुपारी जेवायला घरी, परत यार्ड, संध्याकाळी पोरीचा क्लास, दिवसाला दहा-बारा किलोमीटर आणि ते पण सगळं दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये. गेल्या तीन महिन्यांत डीपीएफचा (सायलेन्सरच्या वाटेतली काजळी धरणारी जाळी, भरली की आतली काजळी जाळून साफ होते) दिवा चारदा लागला. एका गॅरेजमध्ये दाखवली तर तो म्हणाला शेट काढूनच टाकू, आतली जाळी फोडतो, सॉफ्टवेअर मारतो, परत दिवा लागणार नाही. मी विचारलं पीयूसीचं काय, तर म्हणाला पीयूसी पास होते, धूर दिसतच नाही ना. त्याच्याकडची अशी एक जाळी काढलेली गाडी मी स्वतः बघितली, पीयूसी खरंच पास होती. तेव्हापासून डोक्यात एकच चाललंय, की धूर दिसत नाही, मशीन पास म्हणतंय, मग ती जाळी इतके दिवस धरत काय होती? आणि गाडी बाजारात यायच्या आधी हे कण कुणी मोजतं का, मोजतं तर कसं?

ऊसगाडी
काढून टाका दादा. आमच्या सीझनला पळणाऱ्या गाड्या बीएस ३ च्या, जाळी नाय काय नाय, अजून वाळवा ते कारखाना लोड घेऊन पळत्यात.

पंपनोझल
काढू नका. मी कुपवाडला पंप-नोझलचंच काम करतो, रोज चार गाड्या ह्याच तक्रारीच्या येत्यात. जाळी भरतीय म्हणजे एकतर काजळी जास्त तयार होतीय नायतर तयार झालेली जळत नाय. नोझल गळतोय का, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) चोक आहे का, प्रेशर सेन्सरच्या रबरी नळ्या फाटल्यात का, ऑइल कुठलं टाकलंय, हे बघायच्या आधी जाळी फोडायची म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर फोडायचा. बाकी कण मोजायचं मला काय सांगता येणार नाय, ते लॅबवाल्यांचं काम.

टनेल_सातारा
मी लॅबवाली. माहेर शाहूपुरी, सातारा. नोकरी पुण्याकडे एका एमिशन लॅबमध्ये, दर शनिवारी घरी येते. गेली नऊ वर्षं हेच काम करतेय, गाडी रोलरवर चढवायची आणि मागून काय निघतंय ते पकडायचं. विश्रामबागकर दादा, तुमचा प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे म्हणून सविस्तर लिहिते, मोठं होईल.

आधी पीयूसीचं. डिझेलच्या पीयूसीला जे मशीन असतं ते उजेड मोजतं. एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला सेन्सर, मधून धूर. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि उजेड किती अडला ते बघायचं. काळा धूर सोडणारी गाडी पकडायला हे मशीन चांगलं आहे, त्याच कामासाठी ते बनलंय. पण बीएस ६ इंजिन जाळी नसतानाही जुन्या गाडीसारखा काळा धूर सोडत नाही, कारण इंजेक्शनचं प्रेशर जास्त, थेंब बारीक, जळण चांगलं. जी काजळी उरते ती इतकी थोडी आणि इतकी बारीक असते की त्या मशीनचा आकडा जेमतेम हलतो. म्हणजे तुमची जाळी शाबूत आहे का फोडलीय हे त्याला नीट सांगताच येत नाही. पास म्हणजे कण नाहीत असं नाही, पास म्हणजे त्या मशीनला दिसतील एवढे नाहीत.

आणि बारीक म्हणजे किती, तर केसाची जाडी ५०-७० मायक्रॉन धरा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). डिझेलच्या काजळीचा कण साधारण ०.०६ ते ०.१ मायक्रॉनचा, म्हणजे ६० ते १०० नॅनोमीटर. केसाच्या जाडीवर असे पाच-सातशे शेजारी शेजारी बसतील. हे छातीत खोलवर जातात, नाकातला घशातला चिकटा त्यांना नीट अडवू शकत नाही. डिझेलच्या धुराने कॅन्सर होतो असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१२ मध्येच पहिल्या गटात, म्हणजे नक्की कॅन्सर करणाऱ्या गोष्टींत, टाकून सांगितलंय.

आता मोजायचं कसं ते पुढच्या पोस्टमध्ये, आई जेवायला बोलावतेय.

थर्ड_इयर_मेक
ताई लवकर लिहा, मी वालचंदला मेकॅनिकलला आहे, आम्हाला आयसी इंजिनमध्ये हे दीड पानात उरकलंय.

टनेल_सातारा
आले. दोन पद्धती आहेत, वजन आणि मोजणी. जुनी पद्धत वजनाची.

गाडी आदल्या रात्रीपासून ठराविक तापमानाच्या खोलीत उभी ठेवतो, इंजिन पूर्ण गार व्हायला पाहिजे. सकाळी ढकलत रोलरवर आणायची, चालू करायची नाही. मग ड्रायव्हर स्क्रीनवरच्या रेषेप्रमाणे गाडी चालवतो, रेषा वर गेली की वेग वाढवायचा, खाली आली की कमी. आपल्याकडे जी सायकल चालवतात तिचं नाव एमआयडीसी, म्हणजे मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल, कुपवाडची एमआयडीसी नव्हे. ११८० सेकंद, अंतर ११ किलोमीटरच्या आसपास, जास्तीत जास्त वेग ९०.

सायलेन्सरमधून निघालेला सगळाच्या सगळा धूर एका मोठ्या स्टीलच्या नळीत जातो, तिला आम्ही टनेल म्हणतो (माझं इथलं नाव त्यावरूनच). टनेलमध्ये गाळलेली स्वच्छ हवा मिसळतो आणि एकूण प्रवाह पक्का ठरलेला ठेवतो. हवा का मिसळायची, तर रस्त्यावर धूर बाहेर पडला की तो हवेत मिसळून गार होतो आणि काही वाफा तेव्हाच काजळीवर बसतात. गरम धूर थेट पकडला तर ते होत नाही, आणि वर पाणी साचतं ते वेगळंच. म्हणून रस्त्यावर जे घडतं तेच शिस्तीत घडवून आणायचं. त्या टनेलमधून थोडी हवा ओढून ४७ मिलिमीटर व्यासाच्या गोल फिल्टरवरून नेतो. फिल्टर टेस्टच्या आधी आणि नंतर वजन करायचा. फरक म्हणजे कण.

ऐकायला सोपं वाटतं ना? हिशोब बघा. समजा गाडी चांगली आहे, किलोमीटरला अर्धा मिलिग्रॅम सोडते. ११ किलोमीटरला साडेपाच मिलिग्रॅम. टनेलमधून मिनिटाला ९ घनमीटर हवा, वीस मिनिटांत १८०. फिल्टरवरून त्यातला एकच घनमीटर गेला. म्हणजे फिल्टरवर बसले साडेपाच भागिले १८०, साधारण ०.०३ मिलिग्रॅम, ३० मायक्रोग्रॅम. जेवणातल्या मिठाचा एक बारीक दाणा याच्या दुप्पट भरेल. मिठाच्या अर्ध्या दाण्यावरून अख्ख्या गाडीचा निकाल द्यायचाय.

त्यामुळे वजनाची खोली म्हणजे आमचं देवघर. २२ डिग्री, आर्द्रता ४५ टक्क्यांच्या आसपास, तराजू एक मायक्रोग्रॅम दाखवणारा आणि दगडी टेबलावर. फिल्टरला हात लावायचा नाही, सपाट तोंडाचा चिमटा. फिल्टरवर स्टॅटिक चार्ज असेल तर वजन चुकतं म्हणून आधी तो घालवायचा. शेजारी दोन कोरे फिल्टर कायम ठेवलेले असतात, त्यांचंही वजन दर वेळी करायचं, ते ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त सरकलं तर खोलीतच काहीतरी बिघडलंय असं समजायचं.

माझ्या पहिल्या वर्षी जुलैमध्ये एका टेस्टचं वजन मायनस आलं. म्हणजे वीस मिनिटं धूर खाऊन फिल्टर हलका झाला! मी रडायच्या बेतात, वाटलं चिमट्याने फिल्टरची कड तुटली. तीनदा वजन केलं. मग सीनियर म्हणाले कोरे फिल्टर बघ. ते पण सरकले होते. आदल्या दिवशी पाऊस, खोलीतली हवा कोरडी करणारं युनिट रात्री अडकलं होतं, सकाळचं वजन दमट हवेतलं आणि दुपारचं कोरड्या. टेस्ट रद्द, गाडी परत रात्रभर उभी. तेव्हापासून मी आकड्याच्या आधी खोलीकडे बघते.

मिरज_मास्तर
लॅबवाल्या ताई, मी निवृत्त विज्ञान शिक्षक, वाचताना फार आनंद झाला. एक शंका. पूर्वी ह्या फिल्टरचा रंग बघूनच कळत असेल ना?

टनेल_सातारा
हो सर, बीएस ३ च्या काळातले फिल्टर मी लॅबच्या कपाटात बघितलेत, तव्यासारखे काळे. बीएस ४ चे करडे. आता जाळीवाल्या गाडीचा फिल्टर काढला तर कोरा कुठला आणि वापरलेला कुठला हे डोळ्याला ओळखू येत नाही, म्हणून डब्यावर नंबर लिहायला चुकलं तर संपलं. मर्यादाच बघा, डिझेल कारला बीएस ४ मध्ये किलोमीटरला २५ मिलिग्रॅम होती, १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ मध्ये साडेचार.

आणि इथेच वजनाची पद्धत थकते. एक मायक्रॉनचा एकच कण वजनाला १०० नॅनोमीटरच्या हजार कणांइतका. म्हणजे बारीक कण कितीही असले तरी तराजूला त्यांचं काही वाटत नाही, एखादा मोठा कण टनेलच्या भिंतीवरून निसटून आला तर मात्र वाटतं. शिवाय फिल्टरचा कागद स्वतःच थोड्या वाफा शोषतो, त्याचं वजन कणांच्या नावावर जमा होतं. गाड्या जितक्या स्वच्छ झाल्या तितकं आपण कण मोजतोय का वाफ मोजतोय हे कळेनासं झालं. म्हणून युरोपात २००१ पासून संयुक्त राष्ट्रांच्या एका गटाने कण वजन न करता एकेक मोजायची पद्धत बसवायला घेतली, आणि तीच आता आपल्याकडे बीएस ६ मध्ये आहे. डिझेल आणि डायरेक्ट इंजेक्शन पेट्रोल कारला किलोमीटरला सहा गुणिले दहाचा अकरावा घात. आपल्या भाषेत ६० हजार कोटी कण.

ऊसगाडी
६० हजार कोटी म्हणजे स्वच्छ?

टनेल_सातारा
दादा ऐकायला भयंकर वाटतं हे खरं, मला पण पहिल्यांदा वाटलेलं. पण जाळी नसलेली डिझेल कार ह्याच्या शंभरपट आणि कधी त्याहून जास्त सोडते. आणि चांगली जाळी असलेली गाडी ह्या मर्यादेच्याही बरीच खाली असते, आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) तर कधी कधी सायलेन्सरमधून येणाऱ्या हवेत रस्त्यावरच्या हवेपेक्षा कमी कण सापडतात. जाळी धरत काय होती ह्याचं उत्तर हे आहे, शंभरातले नव्व्याण्णव कण.

थर्ड_इयर_मेक
पण ताई १०० नॅनोमीटरचा कण म्हणजे उजेडाच्या तरंगलांबीपेक्षा लहान, लेझरला पण तो नीट दिसणार नाही, मग एकेक मोजता कसा?

टनेल_सातारा
बरोबर पकडलंस. दिसत नाही म्हणून त्याला आधी मोठा करायचा. मशीनमध्ये ब्युटेनॉलची वाफ असते (एक प्रकारचं अल्कोहोल, वास डोक्यात जातो). कण असलेली हवा त्या वाफेतून न्यायची आणि मग एकदम गार करायची. वाफेला आता थेंब व्हायचंय पण थेंब व्हायला काहीतरी धरायला लागतं, ती कणाला धरते. प्रत्येक कणाभोवती थेंब वाढतो, काही मायक्रॉनचा होतो, तो लेझरसमोरून गेला की चमकतो. एक चमक एक कण. गर्दी झाली तर दोन थेंब एकत्र जातात आणि एकच मोजला जातो, म्हणून घन सेंटिमीटरला १० हजारांच्या आत राहील इतकी हवा आधीच पातळ करून पाठवायची.

पण खरी गोम त्याच्याही आधी आहे. धुरात दोन तऱ्हेचे कण असतात. एक घट्ट काजळी. दुसरे म्हणजे न जळलेलं इंधन, ऑइल, गंधकाचं अॅसिड यांच्या वाफा गार होताना झालेले बारीक थेंब. हे दुसरे फार लहरी. हवा किती मिसळली, किती वेगाने मिसळली, त्या दिवशी दमटपणा किती, नळी किती गरम, यावर ते कधी लाखांनी होतात कधी होतच नाहीत. तीच गाडी, तोच ड्रायव्हर, सकाळी एक आकडा आणि संध्याकाळी दहापट. असल्या आकड्यावर कुणाला पास-नापास करणार? म्हणून मोजणीच्या आधी धूर गरम हवेने पातळ करायचा, मग ३०० ते ४०० डिग्रीच्या नळीतून न्यायचा की थेंब उडून जातात, मग परत गार हवेने पातळ करायचा म्हणजे परत थेंब बनायला वाफच पुरत नाही. उरते काजळी. मशीनही असं लावलेलं असतं की २३ नॅनोमीटरचे निम्मे कण मोजेल, त्याखालचे बहुतेक सोडून देईल.

आता ह्यात दोष आहे आणि तो मी लपवत नाही. २३ च्या खाली पण घट्ट कण असतात, सीएनजीच्या इंजिनात तर ऑइलमुळे बरेच त्याच साइजचे सापडतात. युरोपच्या युरो ७ नियमात ही हद्द १० नॅनोमीटरवर आणलीय. मला विचाराल तर ते आधीच व्हायला पाहिजे होतं. पण तेव्हा कुठल्याही लॅबला परत परत सारखा येईल असा आकडा पाहिजे होता, आणि सारखा न येणाऱ्या आकड्यावर कायदा उभा राहत नाही.

पोवईनाक्याजवळ
मी साताऱ्याचीच. आमची गॅलरी रस्त्यावर, कठड्यावर रोज काळं बसतं, सासूबाईंना दमा. ताई, इलेक्ट्रिक गाड्या आल्या की हे सगळं संपेल का?

टनेल_सातारा
ताई सायलेन्सरचं संपेल, पण ब्रेक आणि टायर झिजतातच. युरो ७ मध्ये ब्रेकमधून निघणाऱ्या कणांनाही पहिल्यांदाच मर्यादा घातलीय, ती इलेक्ट्रिकला पण आहे. आणि कठड्यावर जे काळं बसतं त्यात रस्त्याची धूळ, टायर, काजळी सगळंच असतं, सर्वात बारीक कण तर तिथे बसत पण नाहीत, हवेतच राहतात. सासूबाईंसाठी सकाळ-संध्याकाळ ट्रॅफिकच्या वेळी रस्त्याकडची खिडकी बंद आणि मागची उघडी, एवढं तरी करा.

विश्रामबागकर
वाचून गप्प झालो. शंभरातले नव्व्याण्णव. माझी पोरगी रोज त्याच गाडीतून उतरून सायलेन्सरच्या मागून शाळेत जाते. जाळी काढत नाही, ठरलं. पण मग दिव्याचं काय करू? आणि पीयूसीला हे कळत नसेल तर बाकीचे काढतच राहणार ना?

टनेल_सातारा
कळेल असं मशीन आहे दादा. बेल्जियमने २०२२ मध्ये, नेदरलँड्स आणि जर्मनीने २०२३ मध्ये पीयूसीसारख्या तपासणीत कण मोजायला सुरुवात केली. गाडी आयडलला ठेवायची, सायलेन्सरमध्ये नळी घालायची, थोड्या वेळात आकडा. नेदरलँड्समध्ये घन सेंटिमीटरला १० लाखांच्या वर गेला की नापास, जर्मनीत अडीच लाख. जाळी फोडलेली गाडी तिथं सुटत नाही. आपल्याकडे हे आलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण एक जाळी फोडली की माणूस शंभर गाड्यांचा धूर एकटा सोडतो. शिवाय कायद्याने पण गाडीत असा परस्पर बदल चालत नाही.

दिव्याचं मेकॅनिक दादा सांगतील, पण एक गोष्ट लॅबमधली. जाळीत काजळीचा पातळ थर बसलेला असतो तेव्हा ती सगळ्यात चांगलं गाळते, कारण तो थर स्वतःच गाळणी होतो. जळून साफ झाल्या झाल्या थोडा वेळ जास्त कण सुटतात. म्हणजे थोडी भरलेली जाळी हा आजार नाही, ती भरून जळत राहिली पाहिजे, एवढंच.

पंपनोझल
बरोबर बोलल्या. जळायला आत ६०० डिग्रीच्या आसपास लागतंय, यार्डाच्या फेऱ्यात ते कुठनं येणार. गाडी मधेच बंद केली की जळण अर्धवट राहतं. आठवड्यात एकदा हायवेला काढा, आष्टा-इस्लामपूर करत पेठ नाक्याला चढा, कराडपर्यंत जाऊन या, चौथ्या गिअरला दोन हजाराच्या वर आरपीएम ठेवून वीस-पंचवीस मिनिटं, मधे बंद करायची नाय. ऑइल मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं, साध्या ऑइलची राख जाळीत बसती आणि राख कधीच जळत नाय. एवढं करून दिवा लागला तर घेऊन या, पैलं नोझलचा बॅकलीक (नोझलमधनं मागं गळणारं डिझेल) बघू.

विश्रामबागकर
अपडेट. रविवारी बायको-पोरीला घेऊन कराडला प्रीतिसंगमावर जाऊन आलो, जाताना नाक्याच्या पुढे इंजिनचा आवाज थोडा बदलला, अॅव्हरेज पडलं, मग परत नॉर्मल. दिवा गेला. सोमवारी कुपवाडला दाखवली, एक नोझल गळत होता, आणि सेन्सरच्या नळीला चीर. दोन्ही बदललं. पाच आठवडे झाले, दिवा नाही.

ऊसगाडी
पुढची गाडी बीएस ६ घ्यायची आहे. तिची जाळी ठेवतो.

मिरज_मास्तर
ताई, तुमचं ते वाफेने कण मोठा करणं मुलांना दाखवता येईल का? शेजारच्या शाळेत मी अजून शनिवारी प्रयोग घेतो.

टनेल_सातारा
येईल सर, आणि ही कल्पनाच मुळात शंभराहून जास्त वर्षांपूर्वीची. स्कॉटलंडचे जॉन एटकिन, १८८० च्या दशकात त्यांनी हवेतली धूळ अशीच मोजली. दमट हवा एकदम पसरवून गार करायची, कणांवर थेंब धरतात, ते चौकटी आखलेल्या काचेवर पडतात, भिंगातून मोजायचे. तुम्ही पाण्याची प्लास्टिक बाटली घ्या, तळाला दोन चमचे कोमट पाणी, बूच लावून हलवा, जोरात दाबा आणि एकदम सोडा. फारसं काही दिसणार नाही. मग काडी पेटवून विझवा, तिचा धूर बाटलीत ओढून घ्या, बूच लावा, परत दाबून सोडा. मागे काळा कागद धरा.

मिरज_मास्तर
केला. धुरानंतर बाटलीत पांढराशुभ्र ढग, दाबला की गायब, सोडला की परत. पोरं बाटली हातातून सोडेनात. पण एक झालं, धूर घालायच्या आधीही थोडासा ढग दिसत होता, सातवीतल्या एका मुलीने तो बरोबर पकडला आणि विचारलं की सर काडी तर अजून पेटवलीच नाही. मी म्हटलं वर्गातली हवा आहे ती, रस्ता खिडकीखालीच आहे. मग तिनेच सुचवलं म्हणून तशीच एक बाटली, धूर न घालता, बूच घट्ट लावून कपाटात ठेवली. सोमवारी सकाळी दाबून सोडली तर ढग जवळजवळ नाहीच. आता ती विचारतेय बूच तर बंद होतं, मग कण गेले कुठं?

टनेल_सातारा
तिला सांगा बाटलीच्या भिंतीला चिकटले. बारीक कण सारखे थरथरत इकडेतिकडे भटकत असतात, भिंतीला लागले की परत सुटत नाहीत. ह्याच कारणाने आमच्या सॅम्पलच्या नळ्या होता होईल तितक्या आखूड असतात, आणि वाटेत किती हरवले त्याचा गुणक ३०, ५० आणि १०० नॅनोमीटरला वेगळा काढून हिशोबात धरतो.